गवताच्या मागं : आलाई खोऱ्यातले सहा दिवस

पहिला दिवस : ओश

माझी लेक किरगिझस्तानात ओशला डॉक्टरकी शिकते. तिथं मराठी मुलं इतकी आहेत, की बाजारात टरबूज निवडत होते तेव्हा मागून एका पोरानं विचारलं, "मावशी, कुठल्या गावच्या?" तो निघाला अहमदपूरचा. लेक चार वर्षं म्हणत होती, "आई, एकदा ये, तुझ्या माहेरचं काहीतरी दाखवायचंय." आमची शाळा 15 जूनला उघडते, त्यामुळे ही वेळ कधी जुळत नव्हती. यंदा रजा टाकली आणि निघाले.

माझं माहेर आटपाडी तालुक्यात, मेंढपाळाच्या घरातलं. मी लहान असताना दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, उठायचा. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोकरं आणि कोंबड्या, पुढं मेंढरं. कृष्णाकाठची रानं धरत आई-अण्णा पुढं जायचे आणि मृगाच्या आधी परतायचे. मला शाळेसाठी आजीपाशी ठेवलं होतं. पुढं अण्णांनी मेंढरं विकली, मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आज माझ्याच वर्गातली वाड्यावरची मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसेनाशी होतात. वाटेतल्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देताना मला दरवर्षी आजीच्या उंबऱ्यावर उभी असलेली मी आठवते.

लेक ज्या घरात भाड्यानं राहते, त्या घरमालकीणबाईंचं माहेर सारी-मोगोल. आलाई खोऱ्यातलं, पामीरच्या पायथ्याचं गाव. त्यांची आई अजून मेंढरं राखते आणि उन्हाळ्यात तंबूघर घेऊन वरच्या कुरणात जाते. लेक त्यांना 'एजे' म्हणते, म्हणजे मोठी ताई. मीही तसंच म्हणू लागले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, वयानं मोठ्या तुम्ही, एजे तुम्ही. शेवटी सहाही दिवस आम्ही दोघी एकमेकींना एजेच म्हणत राहिलो.

संध्याकाळी सुलेमान-तू डोंगर चढलो. शहराच्या मधोमध उभा असलेला हा खडक 2009 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ज्या कातळांवरून बायका मुलासाठी नवस म्हणून घसरतात, ते घसरून घसरून आरशासारखे झालेत. वर एक लहानशी वास्तू आहे. फर्गान्याच्या गादीवर बसलेल्या कोवळ्या बाबराने या डोंगराच्या खांद्यावर एक खोली बांधली होती, तिची ही आठवण. पुढं दिल्ली जिंकणारा माणूस पोरवयात इथं बसून खालचं खोरं बघत असेल, याचा विचार करत मीही थोडा वेळ तिथं बसले.

दुसरा दिवस : ताल्दिक घाट

एजेंच्या भावाची गाडी सकाळी सातला आली. ओश साधारण 1000 मीटरवर, सारी-मोगोल जवळपास 3000 मीटरवर, म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटर चढायचं होतं. लेकीनं पाण्याची बाटली हातात दिली आणि दर अर्ध्या तासाला घोट घ्यायला लावला.

गुल्चा मागं पडल्यावर डोंगर जवळ आले. भावानं खिशातून 50 सोमची नोट काढून मला दाखवली. तिच्यावर एक म्हातारी बाई होती, डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेली. ती कुरमानजान दातका, आलाईची राणी. जन्म 1811 चा. लग्न करून दिलेला नवरा तिला पसंत पडला नाही आणि ती सरळ माहेरी निघून आली. पुढं तिनं आलाईच्या आलिमबेक दातकाशी लग्न केलं. 1862 मध्ये कोकंदच्या खानाच्या दरबारातल्या कटात त्याचा खून झाला. तेव्हा डोंगरातल्या टोळ्या तिच्यामागं उभ्या राहिल्या आणि 'दातका' हा सरदारकीचा किताब तिला स्वतःच्या नावानं मिळाला. 1876 मध्ये रशियानं आलाई घेतलं तेव्हा आपल्या माणसांची कत्तल नको म्हणून तिनं तह केला. 1895 मध्ये तिच्या मुलाला, कामचिबेकला, ओशला भर चौकात फाशी दिली. त्याला सोडवून आणायला तिची माणसं तयार होती, पण तिनं त्यांना थांबवलं.

मी त्यांना चौंडीच्या अहिल्याबाईंची गोष्ट सांगितली. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला, आणि तरीही मेंढपाळांच्या जातीतल्या त्या बाईनं राज्य चालवलं. लेक तुकड्या-तुकड्यानं भाषांतर करत होती. भाऊ गाडी चालवता चालवता मान हलवत होता. मग त्यानं विचारलं, "तिचं चित्र तुमच्या नोटेवर आहे का?" नाही म्हणताना मला वाईट वाटलं.

ताल्दिक घाट 3615 मीटरवर आहे. वळणं संपून गाडी माथ्यावर आली आणि थोडं खाली उतरल्यावर दक्षिणेला बर्फाची भिंत दिसली. एकेक शिखर वेगळं काढता येत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पांढरं. हीच पलीकडची आलाई रांग. तिच्या आणि आमच्या मधे सपाट, हिरवं, झाड नावालाही नसलेलं खोरं, आणि त्यातून वाहणारी किझिल-सू. नावाचा अर्थ लाल पाणी, आणि पाणी खरोखरच विटेसारखं लाल. पश्चिमेकडं वाहत ते अखेर अमूदर्याला मिळतं.

सारी-ताशला रस्ते फुटतात. एक चीनकडं, एक ताजिकिस्तानकडं. आम्ही तिसरा, खोऱ्यातून पश्चिमेला जाणारा धरला.

गाव पहिल्या नजरेला साधंच दिसलं. पांढऱ्या चुन्याची बैठी मातीची घरं, निळ्या खिडक्या, छपरांवर डिश. पण प्रत्येक कुंपणाशी गोवऱ्यांची उतरंड रचलेली पाहिली आणि गाडीतून उतरायच्या आधीच मला ओळखीचं वाटलं. झाडच नसलेल्या मुलखात चूल पेटायची ती शेणावर.

एजेंच्या आईला सगळं गाव 'आपा' म्हणतं. वय सत्तरीच्या पुढं, गालांवर वाऱ्यानं भाजलेली लाली. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, तळवे उलटे करून पाहिले आणि काहीतरी म्हणाल्या. लेकीनं सांगितलं, "आई, त्या म्हणतायत, या हातांनी दूध काढलेलं आहे." तीस वर्षांत काढलेलं नाही. पण त्या म्हणाल्या ते खरंच होतं.

रात्री डोकं ठणकत होतं. लेकीनं नाडी पाहिली, बोटाला यंत्र लावलं, "उद्या दिवसभर गावातच" असं बजावलं. माझी लेक डॉक्टर होतेय हे मला त्या अंथरुणात पहिल्यांदा नीट कळलं.

तिसरा दिवस : लोकर

डोकं उतरलं. नाश्त्याला नान, कायमाक म्हणजे घट्ट सायीचा थर, आणि चहा. चहा पेल्यात अर्धाच ओततात. भरून दिला तर पाहुण्यानं लवकर उठावं असा अर्थ होतो म्हणे. अर्धा दिला की पुन्हा पुन्हा मागायचा आणि यजमानानं पुन्हा पुन्हा ओतायचा, गप्पा चालू राहतात. नान कधी पालथी ठेवायची नाही. जेवण झालं की दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून सगळे एकदम उठतात.

सारी-मोगोलमधली बरीच घरं मूळची मुर्गाबकडची, पामीरच्या उंच पठारावरची. सोव्हिएत काळात इथली जमीन शेजारच्या ताजिक प्रजासत्ताकाला वापरायला दिली होती, त्या वेळी ती माणसं इकडं आली. आपांचं बालपण सामूहिक शेतीच्या काळातलं. मेंढरं सरकारची, पण राखायची कला घरची. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला, सामूहिक शेती मोडली, मेंढरं वाटली गेली. पुढची काही वर्षं फार कठीण गेली. पगार नाही, पीठ नाही. वाटणीला आलेली मेंढरं लोकांनी एकेक करून विकली, कापून खाल्ली. आपांनी सोळा वाचवली आणि त्या सोळांची आज दोनशेच्या वर झालीत. हे सांगताना त्यांनी बोटं मोडून कुठल्या वर्षी किती कोकरं जगली तेही सांगितलं.

दुपारी अंगणात नमदा करायला बायका जमल्या. याला ते कियीज म्हणतात. आमच्याकडं त्याचीच बहीण म्हणजे जेन, बुरणूस. न विणता, नुसती लोकर दाबून केलेली. तंबूघराच्या भिंतीचा एक नमदा जुना झाला होता, उद्या निघायच्या आधी नवा हवा होता.

आधी लोकर काठ्यांनी झोडपली. दोन बायका समोरासमोर, दोन्ही हातांत काठी, ताल धरून. मग चिय नावाच्या उंच गवताच्या काड्यांची लांबच लांब चटई अंगणात अंथरली आणि तिच्यावर लोकर थरावर थर पसरली. त्यावर उकळतं पाणी. मग चटईसकट सगळं गुंडाळून दोर बांधला आणि ती वळकटी अंगणभर ओढत, पायांनी लाथाडत फिरवायची. तासभर हेच चाललं होतं. पोरंसोरं, शेजारीण, जाणारा-येणारा, ज्याला वाटेल तो येऊन दोन लाथा मारून जातो. शेवटी वळकटी उलगडली आणि बायका गुडघ्यावर बसून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून ती ओली लोकर लाटू लागल्या. मीही बसले. गरम पाण्याचा वाफारा, ओल्या लोकरीचा वास. तो वास मी किती वर्षांनी घेतला! शेजारच्या बाईनं माझा हात धरून जरा तिरका केला, म्हणजे जोर खांद्यातून येतो. त्यानंतर जमलं.

आतल्या खोलीत शीरदाक, म्हणजे नक्षीचे नमदे, पाहिले. लाल आणि काळा असे दोन नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात. मग लालातली नक्षी काळ्यात आणि काळ्यातली लालात बसवून शिवतात. त्यामुळे काहीच वाया जात नाही, आणि एकाच्या पोटातून दुसरा शीरदाक निघतो. सगळ्यात जास्त दिसणारी नक्षी मेंढ्याच्या शिंगांची. शीरदाक आणि आला-कियीज, म्हणजे रंगीत लोकर दाबूनच नक्षी उठवलेला नमदा, या कलांना 2012 मध्ये युनेस्कोनं तातडीनं जपायच्या यादीत घातलं. आपांच्या आईनं केलेला शीरदाक अजून भिंतीवर होता. रंग विटलेला, पण शिवण अभंग.

आमच्याकडं आज कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. दख्खनी मेंढीची काळी, राठ, ऊनपावसात टिकणारी लोकर बांधावर टाकून दिलेली मी पाहिलीय. इथंही राठ लोकरीला बाजारभाव नाहीच म्हणतात. पण घर लोकरीचं आहे, म्हणून लोकर घरात लागते. एवढाच फरक, पण सगळा फरक त्यातच आहे.

रात्री आपांनी विचारलं, "तुझे सात बाप सांग." इथं प्रत्येकाला बापाकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात. नातवानं, आठ वर्षांच्या पोरानं, उभं राहून घडाघडा म्हणून दाखवली. मला चार आली. मग मी हेळव्यांविषयी सांगितलं. नंदीवर बसून येणारे, आमच्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणणारे, धान्य घेऊन पुढच्या गावाला जाणारे हेळवी. आपांना ते फार पटलं. "म्हणजे तुमची नावं हरवली नाहीत," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याकडं ठेवायला दिलीत."

चौथा दिवस : वाडा उठला

मेंढरं पहाटे तीनलाच निघाली होती. दोन मुलगे घोड्यांवर, दोन कुत्री. यंदा बर्फ उशिरा वितळला, म्हणून घर जूनच्या शेवटापर्यंत खोळंबलं होतं. फक्त एक मेंढी मागं राहिली. तिच्या खुरात जखम झाली होती, ती अंगणातच राहणार होती.

पूर्वी हे सगळं सामान उंटांवर आणि याकांवर जायचं. आता जुना सोव्हिएत ट्रक येतो. मी त्यात काय काय चढलं ते बघत उभी होते. घडी केलेल्या लाकडी जाळ्या, लाल रंगाच्या लांब काठ्यांच्या मोळ्या, नमद्यांच्या गुंडाळ्या, लोखंडी चूल, धुराडं, रजयांचे गठ्ठे, पिठाची पोती, एक सौरपत्रा, शिलाई मशीन, कोंबड्यांचं खुराडं. खुराडं सगळ्यात वर. ते पाहिलं आणि माझ्या घशात काहीतरी आलं. आमच्या घोडीवरही कोंबड्या सगळ्यात वर असायच्या.

किझिल-सूचा पूल ओलांडून ट्रक दक्षिणेला, भिंतीच्या दिशेनं चढू लागला. रस्ता असा नाहीच, चाकोऱ्या आहेत. वाटेत बिळांशी उभे राहून शिट्ट्या मारणारे तांबूस मार्मोट. दोन तासांनी तुलपार-कोल तळ्यांच्या बाजूला, 3500 मीटरवर, एका सपाटीवर थांबलो. ही जागा आपांच्या घराची. खुणेला काही नाही, फक्त गवतात एक फिकट गोल. दर वर्षी घर त्याच गोलात उभं राहतं आणि दर हिवाळ्यात गवत तो गोल पुसायचा प्रयत्न करतं.

आता घर कसं उभं राहिलं ते सांगते, कारण त्यासाठीच मी आले होते.

बोज-उय म्हणजे करडं घर. आधी दाराची चौकट उभी केली. मग केरेगे, म्हणजे विलोच्या लाकडाच्या, कातड्याच्या वादीनं जोडलेल्या जाळ्या ओढून पसरल्या आणि चौकटीपासून चौकटीपर्यंत गोल बांधल्या. आपल्या लग्नमंडपातल्या ताणल्या-मिटल्या जाणाऱ्या कागदी झालरीसारख्या त्या उघडतात. या गोलाला कंबरेशी पट्टा. मग धाकटा मुलगा मधे उभा राहिला आणि त्यानं दुबेळक्याच्या लांब काठीवर तुंदुक वर उचललं. तुंदुक म्हणजे घराच्या माथ्याचं लाकडी कडं, त्यात आडव्या-उभ्या वाकवलेल्या पट्ट्या. किरगिझस्तानच्या झेंड्यावरच्या सूर्यात हेच तुंदुक आहे आणि त्या सूर्याला चाळीस किरण आहेत. ते जमिनीवर कुठंही टाकत नाहीत, त्याच्यावरून ओलांडत नाहीत. घर मोडकळीला आलं, नमदे बदलले, जाळ्या बदलल्या, तरी तुंदुक बापाकडून मुलाकडं जातं. म्हाताऱ्या आईबापांपाशी धाकटा राहतो, म्हणून ते धाकट्याचं.

त्यानं तुंदुक डोक्यावर तोलून धरलं होतं आणि बाकीचे चारी बाजूंनी धावत होते. ऊक नावाच्या लाल काठ्यांचं खालचं वाकडं टोक केरेगेला बांधायचं आणि वरचं टोक तुंदुकाच्या भोकात बसवायचं. पहिल्या चार-पाच काठ्या बसेपर्यंत सगळं डुगडुगत होतं. दहा-बारा बसल्या आणि ते स्वतःच्या वजनानं घट्ट झालं. मुलानं काठी हळूच काढून घेतली. एकही खिळा नाही, एकही खांब नाही, आणि एवढा डोलारा आकाशात उभा. एजेंनी माझ्या हातात एक ऊक दिला. "तुमचा," त्या म्हणाल्या. मी पाय उंच करून भोक शोधलं आणि टोक आत सरकलं.

मग भिंतींना चियच्या चटया, त्यावर नमदे, त्यावर छपराचे नमदे, रंगीत पट्ट्यांनी आवळून. काल आम्ही लाटलेला नमदा उत्तरेच्या अंगाला लागला, अजून जरा ओलसर. गोल मोकळा होता त्याला तास-दीड तास झाला असेल, आत चूल पेटली होती आणि धुराडं तुंदुकातून बाहेर आलं होतं.

आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. दाराच्या उजव्या हाताला बायकांची बाजू, भांडी आणि दूध. डाव्या हाताला पुरुषांची, खोगीर आणि लगाम. दारासमोरची जागा म्हणजे तोर, मानाची, तिच्यामागं रजयांचा उंच रचलेला ढीग. मला तोरवर बसवलं. मी उठून बायकांच्या बाजूला पीठ मळायला जाऊ लागले तेव्हा आपांनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा परात पुढं सरकवली. तेलात तळलेले बोर्सोक केले. शंकरपाळ्याचा बिनगोडाचा भाऊ.

मेंढरं संध्याकाळी पोचली. मोठी, उंच, मागं चरबीचं गाठोडं लोंबणारी. धुळीचा ढग, त्यात शेकडो घंटांसारखं बें-बें. आपा दारात उभ्या राहून मोजत होत्या. ओठ हलत होते, डोळे हलत नव्हते. माझी आई असंच मोजायची.

पाचवा दिवस : वर

रात्री कुत्री दोनदा उठली. सकाळी धाकटा म्हणाला, लांडगा. अगदी साध्या आवाजात, आपण पाऊस म्हणावं तसा. मी त्याला सांगितलं की आमच्या माळावरही लांडगाच आहे, आम्ही मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळं लावतो. त्यानं जाळ्याची वीण कशी असते ते मला मातीत काढून दाखवायला लावलं.

घोड्यांची शिंगरं जमिनीलगत ताणलेल्या दोराला बांधलेली असतात. आई त्यांच्यापासून दूर जात नाही. दिवसातून पाच-सहा वेळा दूध काढायचं. आधी शिंगराला दोन घोट पिऊ द्यायचे, पान्हा सुटला की बाजूला करायचं. एजे एक गुडघा टेकून, दुसऱ्या गुडघ्यावर बादली ठेवून, एका हातानं घोडीच्या मागच्या पायाला वेढा घालून दूध काढत होत्या. ते दूध धुरी दिलेल्या कातडी पिशवीत घुसळून आंबवलं की किमिज. ताकापेक्षा आंबट, जिभेला चुरचुरणारं, मागून धुराचा वास. पहिला पेला मी धीरानं प्यायले, दुसरा आवडीनं.

दुपारी लेक आणि मी तळ्यांवर गेलो. समोर लेनिन शिखर, 7134 मीटर. 1871 मध्ये रशियन शोधक फेदचेन्कोनं ते नोंदवलं, 1928 मध्ये जर्मन-सोव्हिएत मोहिमेतले तिघं पहिल्यांदा माथ्यावर पोचले. याच शिखरावर 13 जुलै 1990 ला भूकंपानं हिमकडा सुटला आणि एका तळावरची 43 माणसं गेली. गिर्यारोहकांचे पिवळे तंबू पलीकडं आचिक-ताशला दिसत होते. आपांच्या घरातलं कुणी कधी वर गेलेलं नाही. गवत संपतं तिथं त्यांचं काम संपतं.

परतताना नातू आणि त्याची मोठी बहीण कोकरं वळवत होती. मी शिक्षिका, म्हणून सवयीनं शाळेचं विचारलं. मुलगी म्हणाली, शाळा 25 मेला सुटली, 1 सप्टेंबरला उघडेल. आणि वाडा खाली कधी उतरतो? ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे तीन महिने कुरण, नऊ महिने शाळा, एकाही तासाची बुडवणी नाही. हिवाळ्यात मेंढरं गावाच्या गोठ्यात सुक्या गवतावर, मुलं बाकावर.

मी तिथंच गवतात बसले. आमच्याकडं उलटं आहे. आमचं गवत पावसाळ्यात घरापाशी असतं आणि दिवाळीनंतर संपतं. वाडा बाहेर पडतो तो दिवाळी ते मे, म्हणजे नेमकी शाळा भरते तेव्हा. आणि मुलं गावी परततात तेव्हा मे महिन्याची सुट्टी चालू असते. वाड्यावरच्या मुलांना शिक्षणाची ओढ नाही, पालकांना जाणीव नाही, असं मी शिक्षकांच्या बैठकीत कितीदा ऐकलंय, आणि मान डोलावलीय. जाणीव दोन्हीकडं सारखीच आहे. इथं शाळेचं वेळापत्रक आणि गवताचं वेळापत्रक एकमेकांना आडवं येत नाही. तिकडं येतं. आणि गवताचं वेळापत्रक बदलता येत नाही.

कुरणाचं नियोजनही इथं कागदावर आहे. 2009 च्या कायद्यानं कुरणं गावाच्या समितीकडं आली. कोण कुठं, किती जनावरं, त्याची फी ठरते आणि पावती मिळते. भांडणं होतातच. पण मेंढपाळाच्या हातात पावती आहे, म्हणजे तो तिथं असणार हे सरकारनं मानलेलं आहे. अण्णांच्या हातात कधी अशी पावती नव्हती. त्यांच्या वाट्याला वनरक्षकाची हाळी आणि शेतकऱ्याची मर्जी.

रात्री शेजारच्या घरातले एक म्हातारे आले आणि त्यांनी मानस या वीराच्या महाकाव्यातला तुकडा म्हटला. वाद्य नाही. फक्त आवाज, आणि तो एकदा सुटला की श्वास कुठं घेतात तेच कळत नाही. हात घोड्याच्या टापांसारखे हलत होते. सायाकबाय कारालायेव या गायकाकडून या काव्याच्या पाच लाखांच्या आसपास ओळी उतरवून घेतल्या गेल्या. मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, तुमचं म्हणा. मला पूर्ण येत नाही. पण बिरोबाच्या ओवीची सुरुवात कुणा धनगराच्या पोरीला येत नाही? "सुंबरान मांडिलं गा, सुंबरान मांडिलं..." आवाज थरथरला. लेक माझ्याकडं बघत राहिली. तिनं माझ्या तोंडून हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, हा माझा दोष.

सहावा दिवस : खाली

सकाळी आपाही आमच्याबरोबर गावात उतरल्या, पेन्शन घ्यायला. संध्याकाळी पुन्हा वर जाणार होत्या. निघताना एजेंनी मला नमद्याचा हातभर तुकडा दिला, कडेचा, कापून उरलेला.

गावात फोन लागला. अण्णांना सगळं एका दमात सांगितलं. ते मधे मधे फक्त प्रश्न विचारत होते.

"कातरण कवा करत्यात?"

मी आपांना विचारून सांगितलं, वसंतात एकदा, शरदात एकदा. नमद्याला शरदातली लोकर.

"लोकर टाकून देत न्हाईत?"

"नाही अण्णा, घराला लावतात."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "मेंढरू दाव."

मेंढरं सगळी वर होती. पण खुराची जखम झालेली ती एक अंगणात होती. मी फोनचा कॅमेरा लावला. मेंढी उभी, चरबीचं गाठोडं हलवत.

"मागनं काय दावतीस? त्वांड दाव."

मला कळेना. आपांना मात्र न सांगता कळलं. त्या पुढं झाल्या, मेंढीची मान मांडीखाली धरली आणि दोन बोटांनी खालचा ओठ उलटून दात कॅमेऱ्यासमोर धरले.

"चौसा हाय," अण्णा म्हणाले. "दोन वरसावर गेलीय."

मी भाषांतर करायला लेकीकडं वळले. तोवर आपांनी मेंढी सोडून दिली होती आणि फोनसमोर बोटं धरली होती. दोन सरळ, तिसरं अर्धं मुडपलेलं.